शाळेतील कामे आणि सुरक्षितता : चालकांचे व ठेकेदारांचे कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात, सदर, नागपूर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



वधूवरांचा परिचय, गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आणि वडीलधाऱ्यांचा गौरव हे आपल्या संमेलनाचे नित्याचे कार्यक्रम आहेत आणि ते असावयासच हवेत. यंदा कार्यकारिणीने मला दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा मी काहीसा रूक्ष वाटणारा विषय आपण होऊन मागून घेतला. मी विद्वान नाही. मॅट्रिक झालो, शिक्षण पदविका घेतली आणि जन्मभर हातात खडू धरला; नोकरीची काही वर्षे मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर काढली. त्या खुर्चीवर बसून माझ्या हातून जी एक चूक घडली, ती सांगितल्यावाचून या विषयावर बोलण्याचा मला अधिकार नाही, म्हणून तीही सांगणार आहे.

हा विषय आपल्या ज्ञातीला जितका जवळचा, तितका फार थोड्यांना असेल. आपल्या आज्या-पणज्यांनी वाकस, पटाशी आणि रंधा चालवून पोट भरले. कवेलूच्या घरांची आढी आणि वासे चढविणारे हात आपल्याच घरांतील होते. आज आपली काही मुले शाळांतून शिकवितात, काही संस्थाचालक झाली आहेत, आणि पुष्कळशी बांधकामाच्या, रंगकामाच्या व दुरुस्तीच्या ठेकेदारीत आहेत. म्हणजे शाळेचे काम देणारा आणि ते काम घेणारा असे दोघेही आज या सभागृहात शेजारी शेजारी बसलेले आहेत. दोघांशी एकाच वेळी बोलण्याची अशी संधी वर्षातून एकदाच मिळते.

१९९९ सालच्या मे महिन्यातील गोष्ट आहे. मी तेव्हा प्रभारी मुख्याध्यापक होतो. शाळेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. वर्गांपुढील ओसरीवर सिमेंटचे पत्रे होते व ते पावसाळ्यात गळत असत. दुरुस्तीचे काम आपल्याच एका ज्ञातिबांधवाने घेतले. नात्याने तो माझा दूरचा मावसभाऊ लागत असे. दर सर्वांत कमी होता, माणूस घरचा होता, म्हणून लिखापढी अशी काही झालीच नाही. सुटीत शाळा रिकामी होती. दुपारी दोनच्या सुमारास मी कूलरच्या वाऱ्यात बसून निकालपत्रके तपासत होतो. एकाएकी ताट फुटल्यासारखा आवाज झाला. बाहेर येऊन पाहतो तो एक वीस-बावीस वर्षांचा मजूर शहाबादी फरशीवर पडलेला, आणि वर पत्र्याला माणूसभर भोक पडलेले. तो पत्र्याच्या मधोमध उभा राहिला होता. अंगाखाली फळी नव्हती, कमरेला दोर नव्हता.

मुलगा वाचला, परंतु खुब्याचे हाड मोडले आणि पाय कायमचा आखडला. संध्याकाळी संस्थेच्या अध्यक्षांनी मला विचारले, "तो आपला माणूस आहे काय?" मी क्षणाचाही विचार न करता उत्तर दिले, "नाही, ठेकेदाराचा आहे." ठेकेदारास विचारले, तर तो म्हणाला, "भाऊ, तो त्या दिवसापुरता नाक्यावरून आणलेला रोजंदार. माझ्या हजेरीपटावर त्याचे नाव नाही." याप्रमाणे सकाळी आमच्या ओसरीवर चढलेला तो मुलगा संध्याकाळपर्यंत कोणाचाच राहिला नाही. आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढून थोडे पैसे दिले आणि आपण फार मोठे मन दाखविले असे समजलो. चार दिवसांनी त्याचा बाप सौंसरकडील खेड्यातून आला. तो रागावला नाही, भांडला नाही. त्याने एवढेच विचारले, "गुरुजी, तुम्ही तं तिथंच होते नं?"

बंधूंनो, त्या प्रश्नाला माझ्यापाशी तेव्हा उत्तर नव्हते आणि आजही नाही. मी तेथेच होतो. पत्रे किती जुने आहेत हे त्या मुलाला ठाऊक नव्हते, ठेकेदारालाही ठाऊक नव्हते. ते मला ठाऊक होते. सिमेंटचा पत्रा उन्हापावसाने ठिसूळ होतो, वरील शेवाळ आणि रंगाचा हात त्याच्या भेगा झाकून टाकतो, आणि खालून पाहणाऱ्यास तो पूर्वीइतकाच धड दिसतो. खालच्या आधारांवर आडव्या दोन फळ्या टाकून त्यांवरूनच चालावयाचे, हे आपल्या घरातील दहा वर्षांचे पोरही जाणते. जी गोष्ट आमच्या शाळेला माहीत होती ती ठेकेदाराला सांगितली नाही, आणि जी त्याच्या धंद्याला माहीत होती ती त्याने पाळली नाही. या दोहोंच्या मधल्या फटीतून तो मुलगा खाली पडला.

मला आज जे सांगावयाचे आहे ते एवढेच की, काम ठेक्याने देता येते, परंतु त्या कामावरील माणसाच्या जिवाची जबाबदारी ठेक्याने देता येत नाही. ती देणारा आणि घेणारा या दोघांच्याही खांद्यावर एकाच वेळी राहते. एकाने उचलली म्हणून दुसऱ्याची कमी होत नाही.

शाळेचा विचार करताना आपल्या डोळ्यांपुढे मुले येतात, आणि ते योग्यच आहे. परंतु शाळा ही शिपायाची, स्वयंपाकीण बाईंची, शिक्षकांची, आणि दुरुस्तीस आलेल्या गवंड्याचीही कामाची जागा असते. जेथे कामकऱ्याचा जीव स्वस्त असतो तेथे मुलांचाही जीव सुरक्षित राहत नाही, असा अनुभव आहे. तमिळनाडूतील कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी शाळेच्या स्वयंपाकघरात आग लागली. ती शाकारलेल्या छपरास पोहोचली आणि ९४ मुले होरपळून गेली. पुढे २०१४ साली न्यायालयाने ज्यांना दोषी ठरविले, त्यांत संस्थापक होते, मुख्याध्यापिका होत्या, भोजन योजनेची व्यवस्था पाहणाऱ्या बाई होत्या, शिक्षण खात्याचे कर्मचारी होते, आणि इमारतीला दाखला देणारा अभियंताही होता. त्यांतील काहींना वरच्या न्यायालयाने नंतर मुक्त केले. परंतु चौकशीचे बोट एकाच माणसापाशी थांबले नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. या दुर्घटनेनंतर दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी निकाल दिला आणि सुरक्षित शाळेत शिकणे हा शिक्षणाच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे असे स्पष्ट केले.

आपल्या शेजारच्या भंडाऱ्यात ९ जानेवारी २०२१ च्या रात्री जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बालके आगीत गेली, ते दुःख आपण कोणीच विसरलो नाही. राजस्थानातील झालावाड जिल्ह्यातील पिपलोदी गावात २५ जुलै २०२५ रोजी शाळेचे छत कोसळून सात मुले मृत्युमुखी पडली. छतातून खडे पडत आहेत असे मुलांनी आधीच सांगितले होते, अशी वार्ता तेव्हा प्रसिद्ध झाली. मुलांनी पाहिले ते मोठ्यांनी पाहिले नाही.

ही केवळ गरीब देशांची कथा आहे असे कोणी समजू नये. स्कॉटलंडमधील एडिनबरो शहरात २९ जानेवारी २०१६ रोजी वादळात एका प्राथमिक शाळेची भिंत कोसळली आणि सुमारे नऊ टन विटांचा ढीग खाली आला. वेळ पहाटेची होती म्हणून कोणी मूल सापडले नाही. मागाहून तपास करता त्या शहरातील १७ शाळा बंद ठेवाव्या लागल्या. दुहेरी भिंतीचे दोन थर एकमेकांस बांधणारे लोखंडी आकडे विटांच्या सांध्यांत पुरेसे खोल बसविलेच नव्हते, असे चौकशीत आढळले. शाळा बांधणाऱ्यांनी काम नीट केले नाही, आणि ज्यांच्यासाठी त्या बांधल्या त्यांनी स्वतंत्रपणे ते पाहिले नाही. गिलावा चढला, रंग चढला, आणि आतील उणीव वर्षानुवर्षे भिंतीत निजून राहिली. माझी ओसरी लहान आणि त्या भिंती मोठ्या, एवढाच काय तो फरक.

आता कायद्याविषयी थोडेसे. ठेक्याच्या कामगारांसाठी १९७० साली आणि इमारत बांधकामावरील कामगारांसाठी १९९६ साली आपल्या देशात कायदे झाले. ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर ज्याचे काम आहे त्याने ती द्यावी, हे तत्त्व १९७० च्या कायद्यातच होते. या कायद्यांची जागा आता २०२० सालच्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या परिस्थितीविषयक संहितेने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. महाराष्ट्रात आगीपासून संरक्षणाचा २००६ चा कायदा आहे. त्याखाली येणाऱ्या इमारतीच्या मालकाने वा वापर करणाऱ्याने, अग्निशामक साधने सुस्थितीत असल्याचा परवानाधारक संस्थेचा दाखला दरवर्षी जानेवारी आणि जुलै अशा दोन्ही महिन्यांत द्यावयाचा असतो. किती संस्थाचालकांना हे दोन महिने ठाऊक आहेत, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी तपासावे. कलमांचा अर्थ वकिलाकडून समजून घ्यावा. परंतु कायदा आपणांस लागू होतो की नाही, एवढाच प्रश्न विचारून थांबणे हे शिक्षकास शोभत नाही.

शाळाचालकांनी काय करावे? पहिली गोष्ट म्हणजे ठेकेदारास आपली इमारत खरेपणाने सांगावी. कोणता पत्रा जुना आहे, वीजवाहिनी कोणत्या भिंतीतून गेली आहे, मैल्याची टाकी कोठे आहे, पोटमाळ्याला वाळवी लागली आहे काय, हे सर्व कागदावर लिहून द्यावे. दुसरी गोष्ट, काम पाहण्यासाठी एका माणसाचे नाव नक्की करावे आणि धोका दिसताच काम थांबविण्याचा अधिकार त्यास द्यावा. ज्याला थांबविता येत नाही त्याच्या देखरेखीचा उपयोग नाही. तिसरी गोष्ट, मुले आणि काम यांची गाठ पडू देऊ नये. विदर्भातील शाळा जूनअखेरीस उघडतात, म्हणून शक्य तितके काम सुटीत संपवावे. ते लांबलेच तर पत्र्याचा अडोसा उभारावा, डोक्यावर काम चालू असलेली वाट बंद करावी, आणि शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी गिट्टी-रेतीचा ट्रक आवारात येऊ देऊ नये. बदलापूर येथील ऑगस्ट २०२४ मधील प्रकरणानंतर राज्य शासनाने शाळांतील कर्मचाऱ्यांच्या पूर्वपडताळणीविषयी आदेश दिले. ठेक्यावर येणाऱ्या माणसांची नावे, ओळखपत्रे आणि जाण्यायेण्याच्या वेळा नोंदविणे हेही त्याच सावधगिरीचे अंग आहे. मात्र ही नोंद घेताना मजुरास चोर समजू नये. त्याला पिण्याचे पाणी, सावली आणि शौचालय शाळेनेच उपलब्ध करून द्यावे.

ठेकेदार बांधवांना माझे सांगणे अधिक आपुलकीचे आहे, कारण आपला धंदा एक आहे. परांची बांधताना बल्लीचा पाय मऊ मातीवर न टेकता फळीवर टेकावा. वर कठडा असावा आणि फळ्या मोकळ्या नसाव्यात. शिडी चार हात उंच टेकत असेल तर तिचा पाय भिंतीपासून एक हात दूर असावा आणि माथा बांधलेला असावा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात ढासळते, म्हणून खोल चरात आधाराशिवाय माणूस उतरवू नये आणि उपसलेली माती काठाशी रचू नये. लोखंडी शिडी विजेच्या तारेखाली नेऊ नये. ज्या कूलरचा धक्का बसून नागपुरात उन्हाळ्यात माणसे दगावतात, त्याच लोखंडी कूलरला हात लावून आपला रंगारी ओल्या फरशीवर उभा असतो. अर्थिंग तपासल्याखेरीज आणि गळती होताच प्रवाह तोडणारे बटन बसविल्याखेरीज काम सुरू करू नये. यांतील एकही गोष्ट मोठ्या खर्चाची नाही.

दोन गोष्टींवर मी थोडा अधिक थांबतो. पहिली उन्हाची. मे २०१३ मध्ये आपल्या नागपुरात पारा ४७.९ अंशांपर्यंत चढला होता. सुटीतील काम म्हणजे नेमके याच दिवसांतील काम. सिमेंटच्या गच्चीवर दुपारी उभा असलेला माणूस घेरी येऊन पडला, तर आपण म्हणतो की पाय घसरला. पहाटे काम सुरू करावे, दुपारी बारा ते चार गच्चीवरील काम बंद ठेवावे, माठ गच्चीच्या जिन्यापाशी ठेवावा आणि नव्या माणसास पहिले काही दिवस हलके काम द्यावे. बोलणे असंबद्ध होऊ लागले किंवा अंग तापून माणूस गुंगीत गेला, तर त्यास सावलीत आणून अंग भिजवावे आणि तत्काळ रुग्णालयात न्यावे.

दुसरी गोष्ट मैल्याच्या टाकीची. त्या टाकीत प्राणवायू अपुरा असतो आणि विषारी वायू साठलेला असतो. आत उतरलेला माणूस दोन-चार श्वासांत खाली कोसळू शकतो, त्याला काढावयास दुसरा उतरतो आणि तोही जातो. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून अशा टाकीत माणूस उतरविण्यास बंदी केली आहे. तो प्रत्यक्ष उतरविला काय किंवा दुसऱ्यामार्फत उतरविला काय, दोन्ही गुन्हेच आहेत आणि पहिल्या अपराधासही दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख रुपये करावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी दिला. परंतु पैशाचा हिशेब नंतरचा. जे काम आपण आपल्या मुलास सांगणार नाही, ते दुसऱ्याच्या मुलास सांगण्याचा आपणांस काय अधिकार आहे? टाकी यंत्रानेच उपसून घ्यावी, आणि शाळेच्या वा वसतिगृहाच्या चालकाने अन्य रीतीस संमती देऊ नये.

आणखी एक लहानसे परंतु मोलाचे कर्तव्य आहे. राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव नोंदविण्यास मागील बारा महिन्यांत नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. पुष्कळ ठेकेदार हा दाखला देण्यास कां कूं करतात. एका सहीने त्या कुटुंबास शिष्यवृत्ती आणि अपघात-साहाय्य यांची वाट मोकळी होत असेल, तर ती सही करण्यास विलंब कशाला? ज्या मुलाची गोष्ट मी सांगितली, त्याचे नाव कोणत्याच पटावर नव्हते. अपघातापेक्षाही त्या नसण्यानेच त्याचे अधिक नुकसान केले.

यावर दोन आक्षेप घेतले जातील हे मी जाणतो. एक असा की, इतकी काळजी घेणारा ठेकेदार दरात मागे पडेल. आक्षेप खरा आहे, आणि त्याचा दोष ठेकेदाराकडे नसून काम देणाऱ्याकडे आहे. दोर, परांची, टोपी, पाणी यांचा खर्च कापून दर कमी करणारा माणूस स्वस्त नसतो. त्याच्या दरातील उरलेली रक्कम मजूर आपल्या हाडांनी भरतो. यावर उपाय असा की, सुरक्षिततेच्या साधनांची रक्कम चालकांनी स्वतःच ठरवावी, ती सर्व दरपत्रकांत सारखी धरावी, आणि स्पर्धा उरलेल्या कामापुरतीच होऊ द्यावी.

दुसरा आक्षेप नाजूक आहे. "आपल्याच माणसाकडून कागदावर सही कशी घ्यावी? त्यात अविश्वास दिसतो." मीही १९९९ साली हाच विचार केला होता. आपलेपणाने आम्ही एकमेकांस प्रश्न विचारले नाहीत, आणि त्या आपलेपणाची किंमत एका परक्या मुलाने दिली. आपला वृद्ध कारागीर स्वतःच्या मुलाने कापलेल्या चौकटीलाही गुण्या लावून पाहत असे. त्यात मुलाचा अपमान होता असे कोणी म्हटले नाही.

हे सर्व आजच बोलण्याचे कारण आता सांगतो. आपल्या मंडळाच्या वसतिगृहाची गच्ची, ओसरी आणि शौचालये यांची दुरुस्ती येत्या उन्हाळ्यात व्हावयाची आहे. दरपत्रके आली आहेत आणि सर्वांत कमी दर आपल्याच एका बांधवाचा आहे. त्यांना काम मिळू नये असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. ते कुशल आहेत आणि मला पुत्रवत आहेत. कार्यकारिणीस माझी विनंती एवढीच आहे की, काम सुरू होण्यापूर्वी चार गोष्टी कागदावर याव्यात : इमारतीतील ज्ञात धोक्यांची यादी, काम थांबविण्याचा अधिकार असलेल्या एका विश्वस्ताचे नाव, कामावरील प्रत्येक मजुराच्या नावाचा रोजचा पट, मग तो एका दिवसापुरता का असेना, आणि अपघात झाल्यास उपचाराचा खर्च प्रथम मंडळ करील, ठेकेदाराशी हिशेब मागाहून होईल, असा ठराव. हा ठराव आजच्या सभेत मांडावा, आणि त्या ठेकेदार बांधवांनीच त्यास अनुमोदन द्यावे, अशी माझी इच्छा आहे. देखरेखीस विश्वस्तांपैकी कोणास सवड नसेल तर मी निवृत्त माणूस आहे; सकाळी सहा वाजता येऊन बसेन.

मी त्या मुलाचा पुढे शोध घेतला, परंतु तो मला भेटला नाही. आज तो पन्नाशीच्या जवळ आला असेल. त्याच्या बापाच्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही, ते आपण सर्वांनी मिळून द्यावे म्हणून हा प्रपंच केला. उद्या आपल्या आवारात कोणी शिडीवर चढेल, तेव्हा "मी तेथेच होतो" असे आपणांस मान वर करून म्हणता यावे.